शेपटीतला वाय : लांब इंग्रजी शब्दांच्या शोधाचं एक प्रकरण

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवते. हे प्रकरण आमच्या नववीतल्या तिघींचं आणि त्यांना मिळालेल्या एका शून्याचं आहे. तिघी तीन गावच्या, म्हणून वर्गात त्यांची ओळख गावावरूनच: नंदगडची, जांबोटीची आणि लोंढ्याची. इथेही तीच नावं वापरते.

बेळगावात शाळांसाठी एक शब्दस्पर्धा भरते. तिच्या शेवटच्या फेरीत डब्यातून चार चिठ्ठ्या काढतात. प्रत्येक चिठ्ठीवर इंग्रजीचं एक अक्षर. ती चारही अक्षरं ज्यात आहेत असा, होईल तितका लांब इंग्रजी शब्द प्रत्येक संघाने तीन मिनिटांत लिहून द्यायचा. क्रम कसाही चालतो, मध्ये इतर कितीही अक्षरं आली तरी चालतात, पण चारांतलं एकही सुटता कामा नये. विशेषनाम चालत नाही, जोडरेघेचा शब्द चालत नाही. स्पेलिंग चुकलं तर शून्य. नाहीतर जितकी अक्षरं तितके गुण.

त्या दिवशी जी, एच, पी आणि वाय निघाले. शहरातल्या एका संघाने ‘फोटोग्राफी’ लिहिलं: ११ अक्षरं, ११ गुण. आमच्या मुलींनी लिहिलं ‘जिऑग्राफिकल’. १२ अक्षरं, स्पेलिंग बिनचूक, कोशात असलेला शब्द. परीक्षकांनी एकेका अक्षरावर पेन्सिल टेकवत शब्द तपासला आणि शून्य दिलं, कारण त्यात वाय नव्हता. निर्णय नियमाला धरूनच होता.

शाळेत परतल्यावर मात्र जे कानावर आलं ते मला लागलं. मराठी माध्यमाच्या पोरींकडे इंग्रजी शब्द कुठून असणार, असा सूर होता. हे धादांत खोटं आहे. शब्द त्यांच्याकडे होता, आणि तो समोरच्या संघाच्या शब्दापेक्षा लांब होता. पुढे एल-वाय ही दोन अक्षरं जोडली असती तर ‘जिऑग्राफिकली’ झालं असतं, १४ गुणांचं, आणि हरवलेला वायही परत आला असता. म्हणजे अडलं होतं ते दुसरीकडेच. कुठे, ते शोधायला मी तिघींचा कच्चा कागद मागून घेतला.

कच्च्या कागदावर काय होतं

कागदाच्या डोक्यावर चार अक्षरं गोलात लिहिलेली. त्याखाली नंदगडचीच्या अक्षरात ओळीच ओळी: जी-वाय-पी-एच, एच-वाय-पी-जी, पी-एच-वाय-जी. सगळ्या खोडलेल्या. चार अक्षरांच्या अशा २४ मांडण्या होतात. त्यातल्या बऱ्याचशा तिने करून पाहिल्या होत्या. उजव्या कोपऱ्यात लोंढ्याचीने ‘हॅपी’ लिहून त्यावर काट मारलेली, कारण त्यात जी नाही. आणि अगदी तळाशी, जागा संपत आलेली असताना, जांबोटीचीच्या बारीक अक्षरात ‘जिऑग्राफी’, शेजारी ९. तिथून एक बाण, बाणाच्या टोकाला ‘जिऑग्राफिकल’, त्याशेजारी दोनदा गोल केलेला १२.

एवढ्यावरून दोन गोष्टी कळल्या. पहिली, तीन मिनिटांतला बहुतेक वेळ मांडण्या करण्यात गेला. पेपरातल्या ‘अक्षरं जुळवा’ कोड्यांची ही सवय. त्या कोड्यांत दिलेली अक्षरं हीच सगळी शिदोरी असते. त्याबाहेरचं काही घ्यायचं नसतं, म्हणून ती उलटसुलट करून पाहण्यात अर्थ आहे. इथे खेळच निराळा. दिलेली चार अक्षरं ही फक्त अट आहे, बाकी सगळं रान मोकळं आहे. चार अक्षरं एकमेकांशेजारी येतीलच असं नाही, किंबहुना लांब शब्दांत ती सहसा पांगलेलीच असतात. ‘फोटोसिंथेसिस’ घ्या. पी अगदी पहिला, वाय सातवा, आणि एच एकदा दुसऱ्या तर एकदा दहाव्या जागी. ही अक्षरं कितीही हलवली तरी त्यातून हा शब्द बाहेर पडणार नाही. तो विज्ञानाच्या पुस्तकातूनच आठवावा लागतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शब्द वाढवल्यावर कोणीही मागे वळून चार अक्षरांकडे पाहिलं नाही. ‘जिऑग्राफी’त चारही होती. ‘जिऑग्राफिकल’ त्याच्यापासूनच झालेला, मग त्यातही असणारच, असं तिघींनी धरून चाललं. चूक नेमकी इथे झाली, आणि ती कोणाचीही होईल. शब्द वाढला की जुनी अक्षरं राहतात आणि नवी भर पडते, असं आपल्याला सहज वाटतं. इंग्रजीत मात्र शब्द वाढताना पुष्कळदा शेवटचं अक्षर टाकून देतो आणि मग नवा तुकडा जोडून घेतो.

वाय कुठे जातो

पुढच्या तासाला फळ्यावर एकाखाली एक तीन शब्द लिहिले: जिऑग्राफी, जिऑग्राफिकल, जिऑग्राफिकली. ९, १२, १४. मग वायवर लाल खडूने खूण केली. पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात पुन्हा आहे. त्याखाली ‘ऑटोबायोग्राफी’ १३, ‘ऑटोबायोग्राफिकल’ १६, ‘ऑटोबायोग्राफिकली’ १८. वायची तीच ये-जा. ‘फोटोग्राफी’ ११ अक्षरांचा, तोच ‘फोटोग्राफिकली’ केला तर १६ चा. शहरातल्या संघाकडेही पाच गुण पडून राहिले होते.

नंदगडची बराच वेळ फळ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “बाई, मग सायकॉलॉजिकल चाललं असतं की.”

वर्गाला वाटलं तिला कळलंच नाही. तिथेही वाय गळणारच. मी तिला फळ्यावर लिहायला सांगितलं. पी-एस-वाय-सी-एच-ओ-एल-ओ-जी-आय-सी-ए-एल. १३ अक्षरं आणि वाय तिसऱ्या जागी, शाबूत. ‘सायकॉलॉजी’त वाय दोन असतात. शेवटचा गळाला तरी पुढचा जागचा हलत नाही. तिचं बरोबर होतं. तेव्हापासून आमच्या वर्गात ‘शेपटीतला वाय’ आणि ‘पोटातला वाय’ असे दोन वाय झाले. शेपटीतल्यावर विसंबायचं नाही, पोटातला आपलाच. ‘फिजिऑलॉजिकल’ हाही त्याच जातीचा, १३ अक्षरांचा, चारही अक्षरं सांभाळून असलेला.

ई या अक्षराचंही असंच. इंग्रजी क्रियापदांच्या शेवटी तो न बोलता बसलेला असतो आणि पुढे ‘एशन’ जोडलं की निघून जातो. इथे मी मुद्दाम आपल्या भागातला शब्द घेतला. ‘ऑर्गनाइझ’, ८ अक्षरं. जी, झेड, एन, ई ही चार मागितली तर चारही आहेत. ‘ऑर्गनायझेशन’ केलं की १२ होतात, पण ई गेला, म्हणजे शून्य. आता तो परत कसा आणायचा? शेपटीकडून नाही आणता येत, म्हणून डोक्याकडून आणायचा: ‘रिऑर्गनायझेशन’, १४. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या इंग्रजी नावातला हा शब्द. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं ते याच कायद्याने, त्यामुळे सीमाभागातल्या मुलाने तो कधीच ऐकला नाही असं होत नाही. लोंढ्याचीला तो घरी आजोबांच्या तोंडून ऐकून पाठ होता. तिला फक्त त्यात ई कुठून येतो हे माहीत नव्हतं.

या शब्दात आणखी एक खाच आहे. कायद्याच्या नावात तो झेडने लिहिलेला नाही, एसने आहे. आपली पाठ्यपुस्तकंही बहुधा एसच वापरतात. ऑक्सफर्डचे कोश मात्र अशा शब्दांना झेडचं रूप आधी देतात आणि एसचंही मान्य करतात. म्हणजे चिठ्ठीत झेड निघाला तर झेडने लिहा, एस निघाला आणि दुसरीकडे कुठे एस नसेल तर एसने लिहा. दोन्ही बरोबर, आणि हा फायदा सोडायचं काही कारण नाही. ‘बिहेव्हियर’चंही तसंच: आपल्या स्पेलिंगमध्ये यू असतो, म्हणून पाचही स्वर त्या एका ९ अक्षरी शब्दात सापडतात. अमेरिकी स्पेलिंगमध्ये यू नाही, मग चारच.

“हे तर शब्दसिद्धीच की”

हे वाक्य जांबोटीचीचं, आणि या प्रकरणाचा कणा तेच आहे. आदल्याच आठवड्यात मराठीच्या तासाला उपसर्गघटित आणि प्रत्ययघटित शब्द झाले होते. विश्वास, विश्वसनीय, अविश्वसनीय, अविश्वसनीयता. मागे ‘नीय’ लागला, पुढे ‘अ’ लागला, मग त्या सगळ्यामागे ‘ता’ लागला. तिने वहीच उघडून दाखवली. लोंढ्याचीने लगेच कन्नडची भर घातली: मने, मनेगळु, मनेगळल्लि, घर, घरं, घरांमध्ये.

मला त्या क्षणी फार आनंद झाला, कारण आमच्या मुलांजवळ काय आहे हे त्यांनीच ओळखलं होतं. त्यांच्या दप्तरात तीन भाषा असतात. शब्दाला मागून-पुढून तुकडे लावून तो मोठा करायची रीत त्यांना मराठीने शिकवलेली आहे आणि कन्नडने घट्ट केलेली आहे. इंग्रजीच्या तासाला मात्र ती बाहेर ठेवून यायची आणि शब्द एकेक करून पाठ करायचे, असं आम्ही शिक्षकांनीच वर्षानुवर्षं चालवलं. लांब इंग्रजी शब्द जवळजवळ सगळे असेच बांधलेले असतात. मधलं मूळ सहसा छोटं आणि ओळखीचं असतं.

मग आम्ही वहीची तीन पानं केली: मुळं, शेपट्या आणि डोकी. मुळांच्या पानावर फक्त येणारे शब्द, कोणताही नवा शब्द पाठ करायचा नाही. शेपट्यांच्या पानावर प्रत्येक शेपटी कोणतं अडलेलं अक्षर आणून देते ते लिहायचं. ‘ली’ने एल आणि वाय येतात. ‘मेंट’ने एम. ‘एबल’ने बी, ‘इव्ह’ने व्ही, ‘फुल’ने एफ आणि यू, ‘इंग’ने जी. ‘शिप’ने एच आणि पी एकदम येतात, ‘हूड’ने एच आणि डी. डोक्यांच्या पानावर ‘रि’ ई घेऊन येतो, ‘अंडर’ यू आणि डी, ‘ओव्हर’ व्ही, ‘एक्स्ट्रा’ एक्स, ‘डिस’ डी आणि एस.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण पद्धत त्यात पूर्ण दिसते. बी, डी, यू, एस. लोंढ्याचीने मूळ घेतलं ‘स्टँड’, पाचवीतला शब्द. एस आणि डी मिळाले. यू हवा, म्हणून डोक्याला ‘अंडर’, ‘अंडरस्टँड’, १०. बी हवा, म्हणून शेपटीला ‘एबल’, ‘अंडरस्टँडेबल’, १४. प्रत्येक तुकडा जोडल्यावर तिने चारही अक्षरांवर बोट ठेवलं, कारण तेवढा एक नियम मी सक्तीचा केला होता. तोवर नंदगडची ‘मिसअंडरस्टँडिंग’वर पोचली होती, १६ अक्षरांचा देखणा शब्द. पण त्यात बी नाही. तिने स्वतःच बोट ठेवून पाहिलं आणि खोडला.

महाग अक्षरं

सगळी अक्षरं सारखीच कठीण नसतात, हे मुलींना लवकर कळलं. ई, टी, ए, ओ, आय, एन, एस, आर यांची काळजी करायची गरज नाही. १२-१४ अक्षरांच्या शब्दात ती आपोआप येऊन बसतात. विचार करायचा तो महाग अक्षराचा. कोणतं स्वस्त आणि कोणतं महाग, याचा एक तयार भावफलक आहे: स्क्रॅबलचा खेळ. आल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांची पहिली पानं घेऊन अक्षरं मोजली आणि त्यावरून सोंगट्या ठरवल्या. इंग्रजी संचातल्या १०० सोंगट्यांत ई १२, तर क्यू, झेड, जे, एक्स, के प्रत्येकी एकच. क्यू आणि झेडला १० गुण, जे आणि एक्सला ८, केला ५, ईला १. आमच्या चार अक्षरांत वाय आणि एच चार-चार गुणांचे, पी तीनचा, जी दोनचा. म्हणजे त्या दिवशी सुरुवात व्हायला हवी होती वाय आणि एचपासून.

एकेक महाग अक्षर कुठे राहतं हेही ठरलेलं असतं. क्यू बहुतेक यूचा हात धरूनच येतो, म्हणजे क्यू निघाला की यू फुकट मिळतो. कबड्डीच्या मैदानावर ऐकलेलं ‘डिसक्वालिफाय’ घ्यायचं, त्याचं ‘डिसक्वालिफिकेशन’ करायचं: १६. (इथेही शेपटीतला वाय गेलाच, वाय हवा असेल तर हा शब्द नको.) एच एकटा कमी दिसतो, पी-एच, टी-एच, सी-एच, एस-एच अशा जोड्यांत दिसतो. डब्ल्यू आणि के दोन्ही निघाले तर ‘नो’, म्हणजे जाणणे: त्यावरून ‘नॉलेज’, त्यावरून ‘नॉलेजेबल’ १३, ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट’ १५.

पण काही अक्षरांना शेपट्या-डोकी कामाला येत नाहीत. जे आणि के एकत्र आले की मुळंच फार थोडी उरतात, आणि लॅटिन-ग्रीक वळणाच्या लांब शब्दांत ही दोन्ही एका ठिकाणी सहसा भेटत नाहीत. तिथे सामासिक शब्दांकडे वळावं. जे, के, आर, टी निघाले तेव्हा सगळा वर्ग गप्प होता आणि जांबोटीचीने ‘जॅकफ्रूट’ लिहिलं. ९ अक्षरं. जांबोटीच्या घाटात फणस काही कमी नाहीत, पण त्याचं इंग्रजी नाव एवढं कामाला येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. अशा चौकडीला ९ हा चांगलाच आकडा आहे. तिथे १५ च्या मागे लागून वेळ घालवू नये.

वर्गातल्या एका मुलाने वेगळा मार्ग सुचवला: एकच राक्षसी शब्द पाठ करावा, कोणतीही अक्षरं निघाली तरी तोच लिहावा. त्याच्या मनात होता तो धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या विकाराचा ४५ अक्षरी शब्द, ‘न्यूमोनो’पासून सुरू होणारा. तो १९३५ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगच्या एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम लांबलचक व्हावा म्हणून घडवला, आणि पुढे कोशांनी तो घेतला. आम्ही तो पूर्ण फळ्यावर लिहून त्यातली वेगवेगळी अक्षरं मोजली. ४५ अक्षरांत फक्त १४ निरनिराळी. पाचही स्वर आहेत, पण जी नाही, एच नाही, वाय नाही, बी, डी, एफही नाहीत. आमच्या चार अक्षरांपैकी त्याच्याकडे एकटा पी. उलट ‘अनकॉपीराइटेबल’ हा १५ अक्षरांचा शब्द, त्यात एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही, म्हणजे १५ निरनिराळी. जी, एच, पी, वाय चारही त्यात आहेत. बोटांच्या ठशांच्या अभ्यासाचं नाव ‘डर्मटोग्लिफिक्स’, तेही १५ चं, एकही अक्षर पुन्हा न येणारं, आणि आमची चारही त्यातही आहेत. पाठच करायचे तर असे शब्द करावेत. मात्र परीक्षकांचा कोश लहान असेल तर ते त्यात सापडतीलच असं नाही.

यंत्राने काय दाखवलं

दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता. तो म्हणाला, “मावशी, हे तर एका ओळीचं काम आहे.” त्याच्या मॅकबुकमध्ये शब्दांची एक साधी फाइल असते, ओळीला एक शब्द. वेबस्टरच्या मोठ्या कोशाच्या १९३४ च्या दुसऱ्या आवृत्तीवरून केलेली ही यादी, सुमारे २ लाख ३५ हजार शब्दांची. ‘ग्रेप’ नावाच्या आज्ञेने त्याने आधी जी असलेल्या ओळी वेगळ्या केल्या, त्यांतून एच असलेल्या, त्यांतून पी, त्यांतून वाय, आणि उरलेल्या लांबीप्रमाणे लावल्या. आज्ञा देऊन होते न होते तोच यादी समोर.

मोठ्या प्रमाणावर करायचं असेल तर आणखी एक युक्ती वापरतात, तीही त्याने समजावली. प्रत्येक शब्दासाठी २६ बटणांची एक पट्टी करायची. जे अक्षर शब्दात आहे त्याचं बटण चालू, नाही त्याचं बंद. अक्षर किती वेळा आणि कुठे आलं याची नोंदच ठेवायची नाही. मग ‘मागितलेली चारही बटणं चालू आहेत का’ एवढंच तपासायचं, आणि संगणकाला ते एका बेरीज-वजाबाकीइतकं सोपं जातं. मुलींना हे ऐकून नवल वाटलं, कारण बोट ठेवून तपासणं म्हणजे हेच.

यादीच्या अगदी वर २४ अक्षरांचा एक शब्द आला: ‘पॅथॉलॉजिको’ला ‘सायकॉलॉजिकल’ चिकटवलेला. बोलण्यात कोणी वापरत नसावं. पण बघा, आमच्या नंदगडचीने सांगितलेला ‘सायकॉलॉजिकल’ त्याच्या पोटात जसाच्या तसा आहे, आणि पुढे एक डोकं जोडलेलं आहे. नववीतल्या मुलीचा शब्द आणि यंत्राने काढलेला सर्वात लांब शब्द एकाच मुळाचे निघाले. यंत्राची यादी स्पर्धेत नेता येत नाही, पण सरावानंतर पडताळा घ्यायला तिच्यासारखं साधन नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं: त्या फाइलमध्ये अनेकवचनं आणि क्रियापदांची ‘इंग’ची रूपं बहुतेक नाहीत. यादीत नाही म्हणजे शब्दच नाही असं समजून मुलांचा शब्द खोडू नये.

पुढची स्पर्धा

दुसऱ्या वर्षी तिघी दहावीत होत्या. फेरी सुरू होण्याआधी त्यांनी परीक्षकांना तीन गोष्टी विचारल्या. कोश कोणता? झेड आणि एस दोन्ही रूपं चालतील का? अनेकवचन चालेल का? दोन्ही रूपं चालतील, अनेकवचन चालणार नाही, असं उत्तर मिळालं. शेवटचा प्रश्न लोंढ्याचीचा होता. स्क्रॅबलमध्ये एस इतका सरसकट लागणारा असूनही त्याच्या सोंगट्या चारच का, हे तिला अनेकवचनावरूनच उमगलं होतं.

चिठ्ठ्या निघाल्या: सी, ई, एम, यू. यातलं काहीच फार महाग नाही, म्हणजे इतर संघांनाही लांब शब्द सापडणार हे उघड होतं. या वेळचा कच्चा कागद माझ्याकडे आहे. त्यावर एकही मांडणी नाही. पहिल्याच ओळीत ‘कम्युनिकेट’, ११, चारही अक्षरांखाली टिंब. दुसऱ्या ओळीत ‘कम्युनिकेशन’, १३. तीन टिंबं, आणि ईच्या जागी प्रश्नचिन्ह. तिसऱ्या ओळीत जांबोटीचीच्या अक्षरात चार डोकी लिहिलेली: ‘रि’, ‘इंटर’, ‘एक्स’, ‘टेली’. पहिली तीन खोडली. ‘टेली’खाली रेघ.

‘टेलिकम्युनिकेशन’, १७ अक्षरं. दुसऱ्या एका संघाने ‘सर्कमफरन्स’ दिलं होतं, १३ चं, तोही गणिताच्या पुस्तकातला छान शब्द. आमच्या शब्दाला परीक्षकांनी पेन्सिलीने चार खुणा केल्या आणि एमच्या जोडीवर थोडं थांबून कोश उघडला. दोन एम बरोबर होते. १७ गुण मिळाले.

आता कच्चं राहिलंय ते स्पेलिंग. तुकडे जोडायला मुलं पटकन शिकतात, पण मुळातच न बोललं जाणारं अक्षर असेल तर तिथे घसरतात. ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट’मधला सी आणि के दोघांपैकी एक नेहमी राहून जातो, डब्ल्यू तर हमखास. म्हणून यंदा आठवीपासूनच मुळांचं पान मोठ्याने, अक्षर-अक्षर म्हणून घेतेय. तिघींनी आपली वही आठवीला दिली आहे. मुळांच्या पानावर आता पुरवणी जोडावी लागली आहे.